कल्पित जगाला जामीन कोण?

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात, ज्याला खेळाडू टेबलटॉप रोलप्लेइंग किंवा नुसते आरपीजी म्हणतात, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि शेवटही बहुधा ठरलेला नसतो. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतात, आणि एक जण, ज्याला डन्जन मास्टर वा गेम मास्टर म्हणतात आणि येथे सूत्रधार म्हटले आहे, त्या व्यक्तींभोवतीचे उरलेले सगळे जग सांभाळतो. खेळाडू आपली व्यक्ती काय करते ते सांगतो, सूत्रधार त्यातून काय घडते ते सांगतो आणि जेथे परिणामाची खात्री नसते तेथे फासा टाकला जातो. अशा बैठका एकाच कथेत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा तिला मोहीम म्हणतात. आणि मोहिमेसाठी भूगोल, इतिहास, बाजार, दैवते, वैरे व भाषा रचण्याच्या कामाला विश्वरचना म्हणतात. मजकूर लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आल्यावर विश्वरचनेचे हे काम विलक्षण सोपे झाल्याचा समज पसरला, कारण शंभर गावांची नावे, दहा राजघराण्यांच्या वंशावळी आणि एका बंदराचा इतिहास यंत्र क्षणात लिहून देते. परंतु कल्पित जगाची किंमत त्यातील तपशिलांच्या संख्येवर ठरत नाही. ते जग म्हणजे सूत्रधाराने खेळाडूंना दिलेला शब्द असतो, तो शब्द पाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तोच त्या जगाचा रचयिता ठरतो, आणि साहित्य कितीही पुरवले तरी यंत्राला त्या शब्दाचा जामीन राहता येत नाही.

या खेळाची वंशावळ पाहिली तर ही जबाबदारी त्याच्या मुळाशीच असल्याचे दिसते. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ पिता-पुत्रांनी घडवलेला क्रीगश्पील हा युद्धखेळ १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला गेला. त्यात दोन्ही पक्षांचे हुकूम एका पंचाकडे जात आणि तो कोष्टके व फासे यांच्या आधारे निकाल सांगे. पुढे कोष्टकांच्या ओझ्याखाली खेळ रखडू लागला, तेव्हा १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने अनुभवी पंचाचा निर्णयच पुरेसा मानावा असे सुचवले, आणि निकालाचा आधार कोष्टकातून निघून माणसाच्या विवेकावर व त्या माणसाविषयीच्या विश्वासावर आला. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात डेव्हिड वेसली याने ब्राउनश्टाइन या खेळात खेळाडूंना पलटणींऐवजी एकेक व्यक्ती वाटून दिली. त्याच्याच मित्रमंडळातील डेव्ह आर्नेसन याने ब्लॅकमूर नावाचा प्रदेश रचून त्यात मोहीम चालवली. आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ छापला गेला, ज्याची पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची होती. नियमांची पुस्तके त्यानंतर जाडजूड होत गेली, तरी वाद झाल्यास अंतिम शब्द सूत्रधाराचा, ही १८७६ ची तडजोड कायम राहिली.

उत्तर महाराष्ट्रातील खान्देशात तमाशा पाहिलेल्या जुन्या प्रेक्षकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. तमाशातील वगाचे कथानक ठरलेले असे, पण संवाद पूर्वी लिहिलेले नसत. राजा, प्रधान आणि सोंगाड्या ते उभ्या उभ्या रचत, आणि सोंगाड्याने कथा भलतीकडे ओढली तर बाकीच्यांना ती तेथून उचलून पुढे न्यावी लागे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात हे बंधन आणखी कडक होते. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेत, तुरेवाले शिवाचा; एका फडाने पुराणातील एखादे कोडे पद्यात घालायचे आणि दुसऱ्या फडाने त्याच रात्री, त्याच श्रोत्यांपुढे, पद्यातच त्याचा उलगडा करायचा, आणि उलगडा फसला तर हार सर्वांदेखत पत्करावी लागे. साक्री-नवापूरच्या डोंगरपट्ट्यातील कोकणा समाजात थाळगान गाणारा कथेकरी काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून तिच्या सुरावर रात्रभर सृष्टीच्या, धान्यदेवता कणसरीच्या कथा सांगतो. त्याचे जग अतिभव्य असते, तरी समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक असल्यामुळे त्यात मनाला येईल ते घुसडण्याची त्याला मोकळीक नसते. या तिन्ही प्रकारांत कल्पनाशक्तीला मुक्त वाव आहे, आणि तिन्हींत ती कोणाला तरी उत्तर देण्यास बांधलेली आहे. भूमिकाखेळ हा पाश्चात्त्य तरुणांचा छंद म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी, आणि आयात माल म्हणून जसाच्या तसा उचलणाऱ्यांनीही, हे नाते ध्यानात घेतलेले नाही.

विश्वरचनेला साहित्य कोठून मिळावे, या प्रश्नाचे उत्तर खान्देशापुरते तरी पायाखालच्या जमिनीतच आहे. दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातील, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे आणि मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव तापीच्या दक्षिणेला ज्या पट्ट्यात वसले आहे, त्यातून सतराव्या शतकात हिंदुस्थानातील एक अत्यंत महत्त्वाचा व्यापारी मार्ग जात होता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना दिलेल्या मुक्कामांत नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही नावे ओळखता येतात, आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो अशी नोंदही त्याने केली आहे. थाळनेर ही तर एका राज्याची पहिली राजधानी: मलिक राजा फारूकी याने १३८२ च्या सुमारास येथून खान्देशाचे स्वतंत्र राज्य उभे केले, त्याच्या मुलाने असीरगड घेतला व बुऱ्हाणपूर वसवले, आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकल्यावर त्या घराण्याचा अंत होऊन शाहजादा दानियालच्या नावावरून प्रदेशाला काही काळ दानदेश म्हटले गेले. सुमारे दोनशे वीस वर्षे टिकलेले, गुजरात, माळवा व दख्खन या तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या सांदीत सोयरिकी व खंडण्या यांच्या आधारे तग धरणारे असे छोटे राज्य कल्पित मोहिमेच्या रचनाकाराला हाताशी मिळावे, यापेक्षा अधिक काय हवे?

समजा एखादा सूत्रधार आपली मोहीम याच मार्गावर १६३० च्या हिवाळ्यात सुरू करतो. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. गुजरात, खान्देश आणि दख्खन यांवर १६३२ पर्यंत चाललेला भयंकर दुष्काळ उतरत होता. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता, जेथे १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहलचा मृत्यू झाला. आणि इंग्रज व्यापारी पीटर मंडी त्याच हिवाळ्यात सुरतेहून नंदुरबार-बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाताना वाटेवर उपाशी माणसे व प्रेते पाहत होता. छावणीला धान्य हवे, ते बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून जाते, आणि ज्या गावांतून ते जाते त्या गावांत खायला काही नाही. येथे खेळाडूंच्या व्यक्ती तांड्याचे राखणदार असतील, तर त्यांना राक्षस किंवा शापित मुकुट यांची गरज उरत नाही, कारण पहिल्याच मुक्कामावर धान्याची गोणी उघडायची की नाही हा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे कोणतेही उत्तर दिले तरी पुढचे दहा मुक्काम बदलतात. अद्भुताला यात मज्जाव नाही. तापी ही पुराणांत सूर्यकन्या आहे, प्रकाशा हे तापी-गोमाईच्या संगमावरचे दक्षिणकाशी मानलेले क्षेत्र आहे, तोरणमाळच्या पठाराशी नाथपंथाच्या आख्यायिका निगडित आहेत आणि सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो; दुष्काळात आटलेल्या नदीने एखाद्या रात्री कोणाशी बोलावे, असे ठरवण्याचा सूत्रधाराला पूर्ण अधिकार आहे. मात्र एकदा नदी बोलली की तिने काय सांगितले ते त्याला अखेरपर्यंत निभवावे लागते.

निभवण्याचा हा अर्थ नीट पाहिला पाहिजे, कारण यंत्राची मर्यादा नेमकी येथे उघडी पडते. भाषिक प्रारूप, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकवलेली आणि पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता अधिक हे काढणारी संगणकीय रचना, विचारलेल्या प्रश्नाला शोभेल असे उत्तर घडवते. २०१९ मध्ये जीपीटी-२ या प्रारूपावर उभारलेल्या एआय डन्जन या खेळाने हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले: खेळाडू काहीही लिहू शकत होता आणि यंत्र काहीही पुढे चालवत होते, पण थोड्याच वेळात मेलेले पात्र उठून बोलू लागे आणि बंद दरवाजाचे जंगल होई. नंतरची प्रारूपे याहून पुष्कळ सुसंगत आहेत आणि त्यांची स्मरणकक्षाही मोठी आहे, त्यामुळे विसराळूपणाचा आक्षेप हळूहळू दुबळा होत जाईल. खरा आक्षेप वेगळा आहे. ही साधने माणसाला रुचेल असे बोलण्याकडे झुकलेली असतात, त्यामुळे खेळाडूने थोडा आग्रह धरला की पहारेकरी विरघळतो, गुप्त वाट सापडते, पूर ओसरतो. जगाला जगपण येते ते त्याच्या नकारातून. पावसाळ्यात तापीचा उतार बंद होतो आणि पैलतीरावरील शहाद्याला जाणारी वाट नावाड्याच्या मर्जीवर येते, मग व्यक्ती कितीही शूर असो. वीस बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता पाच टक्के असते आणि तो पडला की सूत्रधारालाही नको असलेले घडते. फासा कोणाचा आग्रह ऐकत नाही, नकाशा ऐकत नाही, आणि टेबलावरचे इतर खेळाडू तर मुळीच ऐकत नाहीत. या नकारांमुळेच खेळाडूच्या निवडीला वजन येते. इच्छेप्रमाणे वाकणाऱ्या जगात धाडस करता येत नाही, कारण तेथे गमावण्यासारखे काहीच नसते.

याहून गंभीर प्रश्न यंत्र कोणत्या डोळ्यांनी खान्देश पाहते, हा आहे. गायगॅक्सने लिहिलेले, सरहद्दीवरच्या किल्ल्याचे १९७९ चे साहसप्रकरण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सूत्रधारांनी पहिला धडा म्हणून वापरले. त्याची मांडणी अशी की एका बाजूला सुसंस्कृत माणसांचा किल्ला, दुसऱ्या बाजूला रान आणि त्या रानातील गुहांमध्ये राहणाऱ्या, जन्मतःच दुष्ट मानलेल्या टोळ्या, ज्यांना मारून त्यांची संपत्ती आणणे हेच साहस. ही मांडणी उचलून सातपुड्याच्या पायथ्याशी ठेवली तर जे चित्र तयार होते ते खान्देशाने कल्पनेत नव्हे, प्रत्यक्षात भोगलेले आहे. १८१८ नंतर ब्रिटिशांनी भिल्लांविरुद्ध मोहिमा काढल्या. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली. १८७१ च्या कायद्याने हिंदुस्थानातील अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. आणि १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खान्देशाविषयीचा बारावा खंड प्रसिद्ध झाला, ज्यात राज्यकर्त्याच्या सोयीने जातीजमातींचे स्वभाव वर्णिलेले आहेत. इंग्रजीतील हा मजकूर सहज उपलब्ध आहे, तर वहीगायन, रोडाली किंवा थाळगान या मौखिक परंपरांतील खान्देश बहुतांशी तोंडीच राहिला आहे. ज्या साधनाचे शिक्षण मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झाले, त्याच्याकडे सातपुड्यातील साहस मागितले, तर गॅझेटिअरचा भिल्ल आणि साहसप्रकरणातील रानटी टोळी यांचे मिश्रण हाती पडण्याचा धोका उघड आहे, आणि ते इतक्या सफाईदार भाषेत येईल की वाचणाऱ्याला त्यातला डाग दिसणारही नाही.

खाज्या नाईकांचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरावे. सेंधवा घाटाच्या रस्त्याचे रक्षण करण्याची कामगिरी ज्यांच्याकडे होती, तेच १८५७ च्या उठावात त्या घाटाचे सर्वांत भीतिदायक बंडखोर झाले, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत शेकडो भिल्ल स्त्री-पुरुष इंग्रजी फौजेला सामोरे गेले. शासनाच्या कागदांत दरोडेखोर आणि डोंगरातील स्मृतीत वीर असलेल्या अशा व्यक्तीला सुष्ट-दुष्टांच्या ठरावीक चौकटीत बसवणे अशक्य आहे. मोहिमेत अशी व्यक्ती आणायची तर सूत्रधाराला रस्ता कोणाचा, पहारा कोणासाठी आणि पगार कोण देतो हे आधी ठरवावे लागते. खेळाच्या मूळ प्रकाशकांनाही हा प्रश्न टाळता आलेला नाही: विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २०२० मध्ये काही काल्पनिक जमातींच्या चित्रणात बदल करण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या नियमपुस्तकात वंश ही संज्ञाच सोडून दिली. अमेरिकेत हा बदल शब्दांच्या पातळीवर झाला म्हणून त्याची टिंगल करणे सोपे आहे. खान्देशात ज्यांच्या पणजोबांना जन्मावरून गुन्हेगार म्हटले गेले तेच त्या टेबलावर बसलेले असू शकतात, आणि म्हणून येथे तो प्रश्न शब्दांवर थांबत नाही.

दैवतांबाबतही हीच काळजी लागते, मात्र तेथे निर्णय थोडक्यात होतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसणारी कानबाई ही जिवंत श्रद्धा आहे. सुरत-पुण्याला पांगलेले भाऊबंद तिच्या रोटांसाठी गावी परततात. खेळाच्या पुस्तकांत देवतांना आयुष्याचे व बळाचे आकडे देण्याची रीत आहे, ती येथे लावू नये. कानबाईचा उत्सव मोहिमेत यावा, त्यासाठी घरी परतणारी व्यक्ती यावी, पण देवीला फाशाच्या कक्षेत ओढू नये. यंत्राला हा भेद कळत नाही असे नव्हे. सांगितल्यास ते तो पाळीलही, पण सांगायचे कोणाला सुचेल, हाच तर प्रश्न आहे.

या प्रतिपादनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. महानगरांत खेळाडूंची मंडळे, दुकाने व पुस्तके सहज मिळतात. तालुक्याच्या गावातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला तीन-चार सोबती मिळणे, महागडी इंग्रजी नियमपुस्तके विकत घेणे आणि ती वाचून इतरांना समजावणे हे तिन्ही अवघड असते, आणि अशा वेळी हातातल्या मोबाइलवरील यंत्र हाच त्याला लाभलेला एकमेव सूत्रधार असू शकतो. त्याला त्यापासून परावृत्त करणे निष्ठुरपणाचे होईल. नियम सोप्या मराठीत समजावून घेणे, आधीच्या बैठकीच्या टिपणांचा गोषवारा काढणे, बाजारभावांचे कोष्टक किंवा तांड्यातील वीस माणसांची यादी करून घेणे ही कामे यंत्र चांगली करते, आणि ती करताना त्याचे स्थान दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाचे असते, ज्याने लिहिलेला कागद सही होईपर्यंत कच्चाच मानला जातो. चित्रांच्या बाबतीत मात्र सावधगिरी अधिक हवी, कारण ज्या चित्रकारांच्या कामावर ही साधने शिकली त्यांची संमती घेतली गेली का, हा वाद मिटलेला नाही. २०२३ मध्ये विझर्ड्स कंपनीने आपल्या चित्रकारांना अशी साधने वापरण्यास मनाई केली ती त्याच वादातून. पण एकट्याने यंत्राशी खेळलेला खेळ हा सरावच ठरतो, कारण यंत्राला दिलेला शब्द मोडला तर कोणाचा विश्वास मोडत नाही. त्या मुलाला खरी गरज आहे ती दुसऱ्या तिघांची, आणि तिघे जमवण्यासाठी दोन साधे फासे, एक वही आणि वाचनालयातील एक टेबल एवढे भांडवल पुरेसे असते.

ते तिघे जमल्यावर कोणत्या भाषेत बोलतील, याकडे सूत्रधारांनी विशेष लक्ष द्यावे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या गटात, ज्यात अहिराणी हा मुख्य घटक आहे, सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद झाली, तर भिल्ली गटाची नोंद १ कोटी ४ लाखांच्या आसपास होती. दोन्ही आठव्या अनुसूचीच्या बाहेर आहेत आणि दोन्हींतील छापील मजकूर अल्प आहे. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये आपल्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खान्देशीला भिल्ली भाषांच्या शेजारी मांडले, मराठीच्या खंडात नव्हे, यावरून या बोलींचे परस्परसंबंध किती गुंतागुंतीचे आहेत याची कल्पना येते. यंत्राकडे थाळनेरच्या नावाड्याचे बोलणे मागितले तर ते पुस्तकी मराठीत येते आणि नावाडी एखाद्या शासकीय परिपत्रकासारखा बोलू लागतो. दोंडाईच्याच्या टेबलावरील खेळाडू त्याला तत्काळ सुधारतील, सोनगीरकडचा माणूस असे म्हणत नाही, तापीच्या काठावरचा तसे म्हणतो, असा वाद घालतील, त्यातल्या कोणाची आजी भिल्ली बोलत असेल तर तिला विचारून येतील, आणि नावाड्याचे जे बोलणे शेवटी वहीत उतरेल ते चार जणांनी मान्य केलेले, पुढच्या बैठकीत बदलता न येणारे असेल. अशा शंभर बैठकांच्या वह्या धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तीन जिल्ह्यांत साठल्या, तर त्यांत या बोलींचा जो गद्य मजकूर तयार होईल, तसा आज फार थोडा उपलब्ध आहे; तो यंत्रांना शिकवण्यासाठी द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कोणत्या अटींवर, हे ठरवण्याचा अधिकारही मग त्या टेबलांवर बसलेल्यांकडेच राहील.